शेवाळ कशाला म्हणायचं?

पैठणहून प्रश्न:
नाथसागराच्या फुगवट्यात, उथळ पाण्यात एक वनस्पती बुडून वाढते. मुळं गाळात, पानं दोऱ्याएवढी बारीक, वरचे फाटे पंख्यासारखे पसरलेले. इकडे तिला सरसकट शेवाळ म्हणतात. पण पोरांच्या विज्ञानाच्या पुस्तकात शैवाल म्हणजे मूळ, खोड, पान काहीच नसलेलं. मग ही कोण?

परभणीहून:
वर्णनावरून पोटॅमोजिटॉन पेक्टिनेटस वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलेलं हे नाव. हल्ली स्टकेनिया पेक्टिनेटा लिहितात. ग्रीकमध्ये पोटॅमोस म्हणजे नदी, गेइटॉन म्हणजे शेजारी. पेक्टिनेटस म्हणजे कंगव्यासारखी. ही चक्क फुलणारी वनस्पती आहे. छोटा तुरा पाण्याच्या पृष्ठावर येतो आणि परागकण पाण्यावरूनच वाहत जातात. संथ पाणी, तळे, कालवा, सगळीकडे रुजते; क्षारयुक्त पाणीही तिला चालतं, म्हणून जवळजवळ जगभर सापडते.

अंबडहून:
तरी लोकांचा शब्द चुकीचा ठरवू नका. अमरकोशात जलनीली, शैवाल, शैवल हे एकाच ओळीत येतात. संस्कृत काव्यातलं कमळ शैवलात गुंतलेलं असतं. नुसत्या बुळबुळीत थरात कमळ गुंतेल का? पाण्यातली हिरवी गुंतागुंत, हा या शब्दाचा जुना आवाका. पुस्तकांनी तो पुढे आकसून घेतला, आणि मला ते खटकतं.

पैठणहून:
पटलं. पण हातात आल्यावर ओळखायची कशी?

परभणीहून:
पान उपसून बघा. खोडाभोवती पानांची चक्रं आणि कडा खरखरीत असेल तर हायड्रिला. बुडापासून लांब फितीसारखी पानं निघाली असतील तर व्हॅलिस्नेरिया. फसवते ती कारा. फांद्या अगदी झाडासारख्या, पण ती खरोखरची शैवाल. अंगावर चुन्याचं कवच, आणि चुरडली की उग्र वास. वर्गीकरणाच्या दृष्टीने शेवाळ म्हणावी ती हीच, आणि लोक नेमके तिला झाड समजतात!

अंबडहून:
बोलताना शेवाळ म्हणाच. पण पक्ष्यांची नोंद करताना मात्र 'वारकरी (चांदवा पक्षी) शेवाळ खात होता' एवढ्यावर थांबू नका. पेक्टिनेटसच्या गाळातल्या आडव्या खोडांवर छोट्या गाठी धरतात, त्या आणि तिच्या बिया पाणपक्षी आवडीने खातात. ते नोंदीत आलं तर नाथसागराच्या उथळ भागात पक्षी कशासाठी उतरतात, हेही कळेल.