मुस्तफा हे त्या हिरोचं नाव, गेमचं नव्हे

दुकानातल्या मशीनवर नाणं टाकून खेळायच्या त्या जुन्या मारामारीच्या व्हिडिओ गेमबद्दल 'गेमचं खरं नाव मुस्तफाच' असं कुणी कुणी म्हणतं, ते बरोबर नाही. मुस्तफा कैरो हा त्यातला पिवळ्या टोपीवाला. गेम कॅपकॉम या जपानी कंपनीचा, १९९३चा, 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', एका अमेरिकन कॉमिकवरून केलेला. पण धुळ्यात आम्हीही मुस्तफाच म्हणायचो, आणि अजूनही तेच म्हणेन. गेममधल्या चार हिरोंत सगळ्यात चपळ तोच, त्यामुळे त्याला घेण्यावरून भांडणं व्हायची.

आणखी एक मुद्दा. मूळ गेम एकावेळी तिघांना खेळता येतो. आमच्या गल्लीतल्या दुकानातल्या मशीनला मात्र दोनच दांडे होते. मे महिन्याच्या दुपारी दोघं खेळायचे, तिसरा मी, मुठीत घामेजलेलं रुपयाचं नाणं धरून मागे उभा. तिसऱ्या स्टेजला मोटार चालवायला मिळते ना, तिथं पोचलं की मी ओरडायचो, "भाऊ, गाडी उनी रे!" (अहिराणीत 'गाडी आली रे'). दोन्ही बटणं एकदम दाबली की आजूबाजूचे शत्रू उडतात पण आपलीही ताकद घटते, हे मला असं बघूनच कळलं. घरच्या कन्सोलसाठी हा गेम अधिकृतपणे कधी आलाच नाही, म्हणून त्या दुकानाची आठवण इतकी घट्ट राहिलीय.