आजोबांच्या दुनळीला पॉलिश पेपर लावणाऱ्यांनो, जरा दम धरा

भुदरगडी_अण्णा
परवा इथं एका भावानं फोटो टाकले. घरच्या बारा बोअर दुनळीचा, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीचा, मागचा लाकडी दस्ता अंगणात बसून पॉलिश पेपरनं घासला, वर टचवूड वॉर्निशचे तीन हात मारले आणि खाली लिहिलं, "चारशे रुपयांत नवी बंदूक, नाद खुळा!" लोकांनी बदाम वाटलेत. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

तो तिसरा फोटो मोठा करून बघा. दस्ता लोखंडाला भिडतो तिथं लाकूड लोखंडाच्या बरोबरीनं किंवा केसभर वर पाहिजे. ह्यानं लोखंड न काढता घासलंय, त्यामुळं लाकूड खाली गेलं आणि लोखंडाची कड उघडी पडली. नख फिरवलं तर अडकेल. मुठीवरची पकडीसाठी कोरलेली जाळी अर्धी पुसली, तीही आता परत येत नाही. पोचे काढायला पेपर लागतच नाही. ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्त्री टेकवायची, वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर येतं. खोल चीर असेल तर नाही येत, ती राहू द्यावी.

दुसरं, आपल्याकडं बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी करायची खोड. नळीतलं, कळीतलं (चापाच्या यंत्रातलं) तेल वर्षानुवर्षं उतरून दस्त्याच्या तोंडात मुरतं, तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडतं. त्यावर टचवूड म्हणजे गळक्या घराला आतून रंग. आधी खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की पिवळा पडतो, झाडायचा, परत द्यायचा. मी नऊ वेळा दिला होता. मग जवसाचं तेल, बोटानं, अगदी थेंबभर.

टिंबरमार्केट_बॉय
अण्णा, बंदूक त्याची, दस्ता त्याचा, तुमच्या पोटात का दुखतंय? आणि कच्चं जवसाचं तेल आपल्या पावसात वाळतं होय? गगनबावड्याला मामाकडं जुलैत लावलं, गणपतीपर्यंत हाताला चिकटत होतं.

भुदरगडी_अण्णा
जुलैत लावायला सांगितलं कुणी? उन्हाळ्यात लावायचं, तेही उकळलेलं म्हणून मिळतं ते. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिशसुद्धा दमट हवेत पांढरं पडतं, मग काय पॉलिश वाईट?

जोतिबा_रोड
तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका रे. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेटतं. आमच्या सुताराच्या दुकानात भुशाच्या पोत्यावर टाकलेलं रात्री धुमसत होतं, वासानं कळलं म्हणून वाचलो. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा. बाकी तुमचं चालू द्या.

पन्हाळ्याची_सून
अण्णा, तुम्ही 'दम धरा' म्हणताय ते पुरुषमाणसाच्या मापाच्या बंदुकीबद्दल. सासरे गेल्यावर शेतीसंरक्षणाचा परवाना वारसानं माझ्या नावावर झाला. दस्ता साडेचौदा इंच. मी पाच फुटाला दोन बोटं वर. खांद्याला लावायला गेलं की काखेत अडकायचा, पहिल्या बारानंतर दंड आठवडाभर जांभळा. डुक्कर भुईमुगात आणि मी दस्ता सोडवत बसलेली! सुतार म्हणाले, "वहिनी, ऐतिहासिक वस्तू आहे, कापू नका." शेवटी स्वतः आरीनं कापला, मागं रबरी पॅड बसवलं, पॅड धरून साडेतेरा. इतिहास घेऊन उसात उभं राहायचं काय?

नेमबाज_५०मी
वहिनींशी सहमत. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलीत ब्राँझ आणलं, त्या प्रकारातल्या रायफली बघा. गालाची पट्टी, मागची प्लेट, सगळं सरकतं. माप म्हणजे चैन नाही.

भुदरगडी_अण्णा
ती रायफल, ही दुनळी. कशात काय मिसळताय?

नेमबाज_५०मी
उलट दुनळीला जास्त लागू. मागची माशी (नेम धरायची खूण) नसते तिला, तिथं तुमचा डोळाच माशी. गाल वर बसला की बार वर, खाली बसला की खाली.

कायद्याचं_बोला
सगळे उत्साही दिसताहेत. शस्त्र अधिनियम 1959, कलम 5 वाचा. बनवणं, बदलणं, दुरुस्ती करणं, सगळ्याला परवाना लागतो. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडंच द्या.

टिंबरमार्केट_बॉय
मग तेल पुसलं तरी दुरुस्ती? उद्या चपलेला टाच मारायलाही कलेक्टर ऑफिस.

कायद्याचं_बोला
पुसणं वेगळं, आरी चालवणं वेगळं. अडकल्यावर मला फोन करू नका.

राधानगरी_ऊस
अहो दस्त्याचं काय घेऊन बसलाय, बंदूक घरात असते किती दिवस? 2024 ला मार्चमध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा. निकाल 4 जूनला, त्यानंतर परत. ऑक्टोबरला विधानसभा, परत जमा! माझ्या दस्त्याला कुणी पेपर लावला नाही, ठाण्यातल्या खोलीत ओळखचिठ्ठीची तार मुठीला करकचून बांधली होती, तिनं जाळीवर गोल चर पाडला. नळीत गंज, वेगळा. आणि कळप उसात. दाजीपूरच्या गव्यांना आचारसंहिता कोण सांगणार?

कायद्याचं_बोला
सरसकट जमा करा असा नियम नाही. छाननी समिती असते, अर्ज करा.

राधानगरी_ऊस
अर्ज केला होता! बिट हवालदार म्हणाला, "सगळ्यांनी दिल्यात, तुम्हीच काय राजे?" तुम्ही शहरात बसून कलमं सांगा, आम्ही रात्री डबे बडवतो.

जोतिबा_रोड
गव्यावर बार टाकणार होता काय? आत जाल.

राधानगरी_ऊस
हवेत हो! हवेत! गवा मारायचा नसतो हे आमच्या शेंबड्या पोराला कळतं. तुम्हाला शिकवायची हौसच भारी.

टिंबरमार्केट_बॉय
गोणपाटात गुंडाळून द्यायची, आम्ही तसंच देतो. ओल मात्र गोणपाटानं वाढते, हेही खरं.

भुदरगडी_अण्णा
धागा दस्त्याचा होता. असो. तारेचा चर मी बघितलाय, माझ्याही मुठीवर आहे, त्याबद्दल राधानगरीकर बरोबर.

टिंबरमार्केट_बॉय
अण्णा, एक विचारू? मागं तुम्हीच लिहिलेलं, वडिलांच्या बेल्जियन बंदुकीचा दस्ता बावीसाव्या वर्षी तुम्ही कापला होता?

भुदरगडी_अण्णा
कापला होता. इंचभर. वाकडा. नंतर सागाचा नवा करून घेतला, दुसऱ्या दिवाळीला चापामागं रेघेबरोबर चिरला. अक्रोडाचा जुना तुकडा अजून माळ्यावर आहे, बघून वडील वारेपर्यंत काही बोलले नाहीत. म्हणूनच लिहितोय, शहाणा म्हणून नव्हे.

पन्हाळ्याची_सून
मग आधीच तसं लिहायचं ना. एवढा उपदेश कशाला?

भुदरगडी_अण्णा
बरं वहिनी, मापासाठी कापलंत, तुमचं मान्य. त्या टचवूडवाल्याचं अजिबात नाही. आणि कापायच्या आधी कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत दस्त्याच्या बुडाला चढवायची चामड्याची टोपी शिवून बघितली असती तर... हां, टोपीनं दस्ता लांबतो, आखूड होत नाही. राहू दे.

पन्हाळ्याची_सून
टोपी माझ्या नवऱ्याला लागेल, आता त्याला तो आखूड पडतो. नाडीवाली शिवतात का, की शिवणच घट्ट? इंचभर जाडी पाहिजे.

भुदरगडी_अण्णा
नाडीवालीच घ्या, पावसाळ्याआधी काढता येते. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं मागा, आणि दस्त्याचा कागदी साचा कापून न्या. बंदूक घेऊन बाजारात जाऊ नका म्हणजे झालं.