मदत हवी आहे: फोरमचा मेन्यू नव्याने मांडायचाय. 'उकिरडा' ठेवावा की काढावा?

मंडळी नमस्कार,

गच्चीत, बाल्कनीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये भाजीपाला लावणाऱ्यांचा आमचा एक छोटा मराठी फोरम आहे. इतकी वर्षं तो पीएचपीबीबी या फोरम चालवायच्या सॉफ्टवेअरवर होता, आता डिस्कोर्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हलवलाय. धागे, प्रतिसाद, फोटो सगळं सुखरूप आलं, पण मेन्यूची पार खिचडी झालीये आणि ती निस्तरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी अकाउंट्सवाली, डिझाइनमधलं ओ की ठो कळत नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतेय.

फोरम सुरू करणाऱ्या ज्येष्ठांनी विभागांना जुन्या घरातल्या जागांची नावं दिली होती. ओसरी म्हणजे नव्या सदस्यांची ओळख, माजघर म्हणजे अवांतर गप्पा, परसदार म्हणजे भाज्या-फळझाडं आणि त्यांचे रोग, कोठार म्हणजे बियांची देवघेव, पोटमाळा म्हणजे कुलूप लावलेले जुने धागे. आणि उकिरडा म्हणजे कंपोस्ट, गांडूळखत, जीवामृत, ओल्या कचऱ्याचं काय करायचं ते सगळं. जुन्या सदस्यांचा या नावांवर जीव आहे. माझाही आहे, खोटं कशाला बोलू.

पण नवा माणूस येतो, त्याच्या टोमॅटोची पानं गुंडाळायला लागलेली असतात, आणि 'परसदार' वाचून त्याला काही उलगडा होत नाही. मग तो प्रश्न ओसरीत टाकतो नाहीतर माजघरात. आम्ही तो उचलून योग्य जागी ठेवतो. गेल्या महिन्यात एका नव्या सदस्याने बोकाशीवर (ओला कचरा आंबवून खत करायची पद्धत) चांगला सविस्तर धागा काढला, फोटोंसकट. तो आम्ही योग्य विभागात हलवला, तर गृहस्थांचा व्यनि (व्यक्तिगत निरोप): "माझं लेखन उकिरड्यात का टाकलंत? काही चुकलं असेल तर सांगा, सुधारतो." समजूत काढता काढता नाकी नऊ आले.

त्यात डिस्कोर्सच्या साइडबारमध्ये विभाग अकारविल्हे लागलेत. म्हणजे सगळ्यात वर उकिरडा, मग ओसरी, मग कोठार. बागकामाचा फोरम उघडला की पहिलं दर्शन उकिरड्याचं!

दुसरं दुखणं वरच्या पट्टीचं. तिथे मूळ इंग्रजीत लेटेस्ट, न्यू आणि अनरीड असे तीन टॅब असतात. आमच्यातल्या एकाने त्यांचं 'ताजे', 'नवे' आणि 'न वाचलेले' करून टाकलं. आता रोज कोणीतरी विचारतं, ताजे आणि नवे यात फरक काय? मी समजावते आणि समजावता समजावता माझाच गोंधळ होतो. कार्यकारिणीतल्या एका काकांचं म्हणणं असं की सगळंच शुद्ध मराठी करा. त्यांच्या यादीत लॉगिनला 'सनोंद प्रवेश' आणि नोटिफिकेशनला 'अधिसूचना' आहे. अधिसूचना म्हटलं की मला जीएसटीचं परिपत्रक आठवतं.

तिसरं, मोबाइलवर हे सगळं तीन आडव्या रेघांच्या मागे जातं आणि आमचे निम्म्याहून जास्त लोक मोबाइलवरच. शिवाय 'माहिती'मधल्या वेलांट्या आणि 'कुंड्या'मधला उकार वरून-खालून कापले जातायत.

तर विभागांची नावं बदलावीत का, त्या तीन टॅबना काय म्हणावं, आणि बदललं तर जुन्या लिंका तुटतील का? व्हॉट्सअॅपवर लोकांनी भरपूर लिंका पाठवून ठेवल्यात.

---

जुनी_विहीर:

नावं बदलू नका हो ताई. मिसळपाव या मराठी संकेतस्थळावर 'काथ्याकूट' आहे, 'जनातलं, मनातलं' आहे, कवितांना 'जे न देखे रवी' आहे. मायबोली या संकेतस्थळाचा 'गुलमोहर' घ्या, तिथे साहित्य असतं हे नुसत्या नावावरून कोणाला कळणार? मराठी विकिपीडियावर चर्चेच्या जागेला 'चावडी' आणि सरावाच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात. कोणाचं काही अडलेलं नाही. तुम्ही 'कंपोस्ट व खत व्यवस्थापन' असं ठेवलंत की तो फोरम राहणार नाही, कृषी खात्याचं माहितीपत्रक होईल.

---

शेवटचा_बाक:

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. काथ्याकूट चालतं, कारण आत गेल्यावर काय होणार ते त्या नावातच आहे. धूळपाटीचंही तसंच. 'कोठार' त्याच जातीचं, बियाणं कोठारातच असायचं, ते तसंच ठेवा. परसदार मात्र पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्याला काही सांगत नाही, आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच यायला हवेत. म्हणजे जिथे गर्दी हवी तिथेच पाटी अस्पष्ट आहे. तो विभाग सरळ 'भाज्या आणि फळझाडं' करा. गरज पडली तर 'रोग-कीड' वेगळा काढा, कारण घाबरलेला माणूस तोच शब्द शोधत येतो.

उकिरड्याचं काय करायचं? डिस्कोर्समध्ये विभागाचं वर्णन लिहिता येतं, पण साइडबारमध्ये डोळ्यांना दिसतं ते नुसतं नाव. त्यामुळे खुलासा नावातच यायला हवा. 'खत-उकिरडा' करून बघा. पहिला शब्द नव्यासाठी, दुसरा जुन्यांसाठी.

क्रमासाठी अॅडमिनमध्ये 'फिक्स्ड कॅटेगरी पोझिशन्स' नावाची सेटिंग आहे. ती चालू केली की क्रम तुमच्या हातात येतो. पोटमाळा सगळ्यात खाली टाका, तिथे कोणी लिहीत नाही.

लिंकांची काळजी नको. डिस्कोर्सच्या पत्त्यात विभागाचा क्रमांक असतो, नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो आणि जुनी लिंक नव्या पत्त्यावर जाते. पीएचपीबीबीच्या काळातल्या लिंका मात्र वेगळ्या. त्यांचे पत्ते हलवताना नव्या पत्त्यांना जोडले होते का, ते ज्याने काम केलं त्याला विचारा. आणि स्लग, म्हणजे पत्त्यातला नावाचा तुकडा, कसा बनवायचा याचीही सेटिंग आहे. ती 'अॅस्की'वर, म्हणजे नुसत्या रोमन अक्षरांवर, असेल तर देवनागरी नावातून काहीच निघत नाही. अशा वेळी स्लग हाताने रोमनमध्ये लिहून द्यावा. 'एन्कोडेड' ठेवलंत तर पत्ता व्हॉट्सअॅपवर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक शेपटी लावून येतो.

---

अर्धा_कप_चहा:

तीन टॅबबद्दल. मुळात ते तिन्ही काय दाखवतात ते आधी बघा, नाव आपोआप सुचेल. लेटेस्टमध्ये ज्या धाग्यावर शेवटची हालचाल झाली तो वर येतो, मग धागा पाच वर्षं जुना का असेना. न्यू म्हणजे अलीकडे निघालेले आणि तुम्ही अजून न उघडलेले धागे. 'अलीकडे' म्हणजे मुळातल्या सेटिंगप्रमाणे दोन दिवस. अनरीड म्हणजे तुम्ही ज्यांचा माग ठेवताय त्या धाग्यांवर आलेले, तुमचे वाचायचे राहिलेले प्रतिसाद. एखाद्या धाग्यावर काही मिनिटं रेंगाळलात की डिस्कोर्स स्वतःच त्याचा माग ठेवू लागतं.

म्हणून माझी नावं: 'चालू धागे', 'नवे धागे', 'नवे प्रतिसाद'. 'न वाचलेले' म्हटलं की माणसाला वाटतं, फोरमवरचं मी न वाचलेलं सगळं इथे असणार. ते तसं नसतं, आणि मग "माझं लेखन का दिसत नाही" सुरू होतं.

हे बदल अॅडमिनमधल्या 'साइट टेक्स्ट्स'मध्ये करा. पीएचपीबीबीत भाषेची फाइल हाताने बदलली की पुढच्या अपडेटला सगळं पाण्यात जायचं. इथे तुमचा मजकूर अपडेटनंतरही टिकतो.

काकांना सांगा, लॉगिनला लॉगिनच म्हणू द्या. रोज लागणाऱ्या बटणांची गंमतही नको आणि संस्कृतही नको. बटण म्हणजे आज्ञा: शोधा, लिहा, पाठवा. मेन्यूतल्या जागा म्हणजे नामं. या दोन्हींची सरमिसळ टाळलीत तरी निम्मा गोंधळ जाईल. आणि "मेन्यूत सातच गोष्टी हव्यात" असं कोणी सांगायला आलं तर ऐकू नका. हा सातचा आकडा ज्यातून आला तो मानसशास्त्रज्ञ मिलरचा १९५६ सालचा निबंध लक्षात ठेवण्याच्या क्षमतेबद्दल आहे. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, तो कोणी पाठ करत नाही.

कापल्या जाणाऱ्या वेलांट्यांसाठी छोटा थीम कॉम्पोनंट (दिसण्यात बदल करणारा जोड-तुकडा) करा आणि त्यात साइडबारच्या ओळीची उंची वाढवा. रोमन अक्षरांच्या हिशेबाने बांधलेल्या ओळीत आपल्या मात्रा-उकारांना जागा पुरत नाही. टीव्हीवरच्या पट्ट्यांतही हाच छळ असतो, असो.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार! 'नवे प्रतिसाद' लगेच लावलं. 'खत-उकिरडा'वर जुन्या मंडळींची कुरकुर सुरू आहे, पण फार जोरात नाही. अॅस्कीचीच भानगड होती, स्लग लिहून दिले.

एक अडचण उरली. मी सगळ्यांची मतं मागवायचं ठरवलं तर जितकी डोकी तितकी नावं येणार. ठरवायचं कसं?

---

शेवटचा_बाक:

मतं मागवूच नका. तुमचा बियांचा मेळावा होत असेल ना, तिथे फोरम कधीच न उघडलेली चार-पाच माणसं गाठा. संकेतस्थळं वापरायला सोपी कशी करावीत याचा जाणकार याकोब नील्सन, त्याने २००० साली लिहून ठेवलंय की पाच जणांची चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. विभागांची नवी-जुनी नावं एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि विचारा: "मिरचीवर पांढरी माशी पडलीये, कुठे विचाराल?" "ओल्या कचऱ्याला वास येतोय, कुठे?" "देशी वांग्याचं बी हवंय, कुठे?" बोट कुठे जातं ते टिपून घ्या आणि गप्प बसा. "नाही हो, ते खाली बघा" असं म्हणायचं नाही. अवघड जातं, पण नाहीच म्हणायचं.

आणि एकाचं बोट परसदारावर गेलं म्हणून जुनी_विहीर यांना लगेच कळवू नका.

---

जुनी_विहीर:

वाचतोय मी. कागदावर 'माजघर' पण लिहा, बघू कोण काय म्हणतंय. आणि मोबाइलचं राहिलंच: त्या तीन रेघांमागे काहीही जाऊ दे, पण 'लिहा'चं बटण बाहेर, अंगठ्याच्या टप्प्यात ठेवा. आमच्या वयाचे लोक रेघा दाबून बघत नाहीत.