घरच्या घरी फोम मशीन : बनवलेल्यांनी माप सांगा

राजारामपुरी_गल्ली
कॉलनीत मे महिन्यात पोरांसाठी फोम पार्टी करायचं चाललंय आणि भाड्याचा आकडा ऐकून सगळे गप्प बसलेत. त्यावरून रंगपंचमीला तालमीच्या पोरांनी पिंपातून काढलेला फेसाचा ढीग आठवला. यंत्र साधं असतं, पण माप चुकलं की नुसतं साबणाचं पाणी गळतं. म्हणून हा धागा. ज्यांनी बनवलंय त्यांनी मापासकट लिहा, नुसतं 'लई भारी' नको.

सुरुवात मी करतो. मागं पंखा, पुढं ताणलेली जाळी, जाळीवरून सतत ओघळणारं साबणाचं पातळ पाणी, एवढाच मामला. ओल्या जाळीतून हवा गेली की छिद्रागणिक बुडबुडा तयार होतो. गोदामात आणि विमानाच्या हँगरमध्ये आग विझवायला जो हाय एक्स्पान्शन फोम सोडतात त्याचं तत्त्व हेच. तिथं एका लिटर द्रावणाचा २०० ते १००० लिटर फेस होतो. आपल्या पिंपातून १५० धरून चाला.

निळं २०० लिटरचं प्लास्टिक पिंप घ्या, दोन्ही बुडं कापा, आडवं ठेवा. एका तोंडाला प्लायवूडची चकती आणि त्यात १२ इंची एक्झॉस्ट फॅन. दुसऱ्या तोंडाला नायलॉनची मच्छरदाणी, दुहेरी, डफासारखी ताणून. जाळीच्या वरच्या कडेनं आतून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची कमान, तिला दर इंचाला २ मिमीचं भोक, टोकाला एंड कॅप. खाली टब, टबात कूलरचा १८ वॅटचा पंप. पिंपाचं पुढचं तोंड दोन इंच खाली झुकवा म्हणजे गळलेलं पाणी टबातच येतं, पंख्याकडं जात नाही.

उद्यमनगर_फिटर
मांडणी बरोबर. एक गोष्ट सगळ्यांची चुकते ती सांगतो. एक्झॉस्ट फॅन हवा भरपूर देतो पण त्याला दाब नसतो. त्याच्यापुढं बनियनचं कापड ताणलं की हवा मागं फिरते, मोटार गरम होते, फेस शून्य. त्याला मच्छरदाणीच पाहिजे आणि जाळीचं तोंड पंख्यापेक्षा मोठं पाहिजे. कापड वापरायचं असेल तर दाबाचा ब्लोअर घ्या, धूळ उडवायचा हातातला किंवा भट्टीचा छोटा. ब्लोअर असेल तर पिंपाची गरज नाही, ४ इंची पाइपच्या तोंडाला सुती बनियन दोरीनं बांधा, वरून पाणी सोडा. फेस बारीक आणि घट्ट येतो, पण कमी येतो. पोरं जास्त असतील तर पिंपच.

सम्राटनगर
नाद खुळा! पंप कितीला पडतो?

उद्यमनगर_फिटर
साधा कूलरचा दोन-अडीचशेत येतो. खर्च पंख्याचा आहे, तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला दोन तासांसाठी काढून आणा.

साबण_केमिस्ट
द्रावणाचं मी लिहिते. १०० लिटर पाण्याला एसएलईएस पेस्ट (शांपूत फेसासाठी घालतात ती, ७० टक्केवाली) १ किलो, कोको बीटेन ३०० ते ४०० ग्रॅम. बीटेननं फेस टिकतो आणि कातडीला त्रास कमी होतो, ते वगळू नका. आदल्या रात्री १० लिटर कोमट पाण्यात पेस्ट सोडून झाकून ठेवा. पेस्टवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात पेस्ट घालायची. पेस्टवर थोडं पाणी पडलं की तिचा जेलीसारखा गोळा होतो आणि तो तासन्‌तास विरघळत नाही. सकाळी बीटेन घालून हलक्या हातानं ढवळा, मग उरलेल्या ९० लिटरमध्ये मिसळा.

ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा आम्लधर्मी कच्चा माल) वापरू नका. फिनेल-लिक्विड बनवणाऱ्यांकडं ती स्वस्त मिळते, म्हणून काही जण तीच आणतात. लहान मुलांच्या अंगावर घालायची ती वस्तू नाही. कपड्याची पावडरही नको, तिच्यात सोडा असतो, डोळे जळतात.

पाचगावची_वहिनी
ताई, भांड्याचं लिक्विड चालेल का? घरात पाच लिटरचा कॅन पडलाय. आणि मीठ घातलं की फेस घट्ट होतो म्हणतात ते खरं का?

साबण_केमिस्ट
वहिनी, लिक्विडनं फेस होईल, पण त्यात रंग, वास आणि काय काय असतं, डोळ्याला जास्त झोंबतं. मोठ्या माणसांपुरतं ठीक, पोरांना नको. मीठ शांपूसारख्या घट्ट द्रावणाला दाट करतं. आपण १०० लिटरला एक किलो इतकं पातळ केल्यावर मिठाचा काही उपयोग नाही. फेस जास्त वेळ टिकवायचा असेल तर ५० ग्रॅम गवार गम थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून मगच पाण्यात घाला, नाहीतर गुठळ्या होऊन पाइपची भोकं बुजतात.

हिशोबी_माणूस
किती द्रावण लागेल ते आधी काढा. १५ बाय १५ फुटांचं अंगण, गुडघाभर म्हणजे दीड फूट फेस. ३३७ घनफूट, म्हणजे साधारण साडेनऊ हजार लिटर फेस. १५० पट धरलं तर ६४ लिटर. पण फेस सतत बसत असतो, उन्हात तर फारच. म्हणून १०० ते १२० लिटर तयार ठेवा. संध्याकाळी पाचनंतर करा, ऊन कमी असतं.

शिरोळ_ऊसवाला
बोअरचं पाणी घेऊ नका, आमच्याकडं लई जड पाणी हाय. फेस येतो पण लगेच बसतोय. नळाचं घ्या नाहीतर पावसाचं साठवलेलं.

अजून एक. टबातल्या पंपाला घरची वीज नको असेल तर फवारणीच्या बॅटरी पंपाची १२ व्होल्टची मोटार सुटी मिळते शेतीच्या दुकानात. बारीक नोझल लावून मागून जाळीवर तुषार मारायचे, फेस एकसारखा येतो. पण मोटार नवीनच घ्यायची. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी पोरांच्या कार्यक्रमाला आणायचा नाही. टाकीत, नळीत, वॉशरमध्ये औषध मुरलेलं असतंय.

राजारामपुरी_गल्ली
दादा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. वाचणाऱ्यांनी कृपया परत वाचा.

वायरमन_कसबा_बावडा
पंखा २३० व्होल्टचा असेल तर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच जोडा. साधा एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. अर्थिंग तपासा. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, खिडकीला टांगा, कारण फेसाखाली वायर दिसत नाही. पंप बंद करून मगच टबात हात. स्पीकर आणि लाइटच्या माळा फेसापासून लांब.

मिसळप्रेमी
आणि जेवणाचं काय ठरलंय? तांबडा-पांढरा असेल तर मीही पोरगा घेऊन येतो 😄

पाचगावची_वहिनी
या की भाऊ! पण जेवण आधी की फेस आधी?

मिसळप्रेमी
जेवण नंतर, वहिनी. आधी फेस, मग सगळ्यांची आंघोळ, मग पंगत. ताटं फेसाच्या जागेपासून लांब आणि झाकून ठेवा, वाऱ्यानं फेस उडत येतो. तांबड्याचा तवंग आणि साबण, दोघांचं जमत नाही.

साबण_केमिस्ट
तवंगावरून आठवलं. तेल फेसाचा वैरी आहे. रंगपंचमीला रंग निघावा म्हणून पोरं अंगभर खोबरेल चोपडून येतात, ती आत शिरली की फेस विरतो. तेल न लावता या म्हणावं. गुलाल किंवा रंगाची पूडही द्रावणात घालू नका, भोकं तुंबतात आणि कपड्यावर डाग बसतात.

फुलेवाडी_आई
माझा प्रश्न वेगळा. चार वर्षांच्या मुलाला सोडावं का?

साबण_केमिस्ट
मोठं माणूस हाताच्या अंतरावर असेल तरच. फेस मुलाच्या कमरेच्या वर जाऊ देऊ नका. फेसात नाक-तोंड बुडालं की श्वास कोंडतो, आणि आत पडलेलं मूल वरून दिसत नाही. मोठ्यांचा खेळ वेगळा, लहानांचा वेगळा ठेवा. स्वच्छ पाण्याची बादली आणि तांब्या जवळ पाहिजे, डोळ्यात गेलं की न चोळता भरपूर पाण्यानं धुवायचं. अंगावर खाज असलेल्या मुलांना नको.

उद्यमनगर_फिटर
जागा गवताची किंवा मातीची घ्या. गुळगुळीत फरशीवर फेस म्हणजे पडणं ठरलेलं. शहाबादी असेल तर रबरी चटया अंथरा आणि पळापळी बंद.

आता बिघाड. पाणीच जास्त गळतंय, फेस नाही : पंपाकडून कमानीकडं जाणाऱ्या पाण्याचा कॉक अर्धा बंद करा, दहापैकी आठ वेळा इथंच निभावतं. मोठे बुडबुडे येऊन फुटतात : पाणी कमी पडतंय किंवा जाळी ढिली आहे. फेस येता येता थांबला : टबातली पातळी खाली गेली, पंपानं फेस ओढला आणि हवा धरली. पंप टबाच्या तळाशी ठेवा, वर चार-पाच इंच पाणी राहू द्या. पंपापाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून थोडं पाणी परत टबात सोडलं तर प्रवाह हवा तसा जुळवता येतो. टबातच फेस साठत असेल तर गळतं पाणी उंचावरून पडू देऊ नका, टबाच्या कडेनं उतरवा.

रंकाळा_फेरफटका
झाल्यावर ते पाणी कुठं सोडणार? तळ्याकडं जाणाऱ्या गटारात किंवा विहिरीजवळ नको. असलं पाणी माशांना घातक असतं. उरलेलं द्रावण बाथरूममधून ड्रेनेजला घाला.

राजारामपुरी_गल्ली
आमच्याकडं मागं मोकळं मैदान आहे, तिथं जिरवलं तर?

रंकाळा_फेरफटका
थोडं चालेल, झाडांच्या मुळाशी नको. फेस बसवायला झारीनं साधं पाणी शिंपडा, झाडूनं ढकलू नका, तो नुसता पसरतो.

सम्राटनगर
मच्छरदाणी जुनी चालते ना? आईनं दिली तर आजच बसवतो.

उद्यमनगर_फिटर
चालते, भोकं पडलेली नको. फाटक्या ठिकाणी हवा निसटते आणि बाकीची जाळी कोरडी पडल्यासारखी वागते. बसवली की आधी नुसत्या पाण्यावर चालवून बघ, पूर्ण जाळी एकसारखी ओली होते का ते. कुठं कोरडा पट्टा दिसला तर पाइपचं तिथलं भोक सुईनं मोकळं कर.