एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटवर) माणसं टिकत नाहीत, ही नुसती रड?

करदाता_पुणे: मुळा-मुठा साफ करायला जायकाचं (जपानच्या सरकारी मदत संस्थेचं) कर्ज २०१६ ला झालं. अजून तीच टेप, 'प्रशिक्षित माणसं मिळत नाहीत'. नवे प्लांट पीएलसीवर, म्हणजे कंप्युटरच्या कंट्रोलवर चालतात. बटण दाबायला कसलं आलंय प्रशिक्षण?

गाळवाला: नऊ वर्षं ठेकेदाराकडे, एका पालिकेच्या प्लांटवर काढलीत, म्हणून गप्प बसवत नाही. बीओडीची, म्हणजे पाण्यात सेंद्रिय घाण किती त्याची, चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते. आज पाणी बिघडलं तर कागद तीन दिवसांनी. तोवर टाकीतलं लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास गाळ (घाण खाणाऱ्या जिवाणूंचा) कसा बसतो ते बघणारा माणूसच प्लांट वाचवतो. फेस पांढराशुभ्र, साबणासारखा, तर गाळ कोवळा. दाट तपकिरी साय धरली, तर म्हातारा, काढा बाहेर. हे नजरेत बसायला दोन पावसाळे जातात. डीओच्या (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या) प्रोबवर शेवाळ बसलं की तुमचा पीएलसी खुशाल थापा मारतो. मी शिकवलेली चार पोरं गेली, दोन औषध कंपनीत. ठेका बदलला की नवा ठेकेदार सर्व्हिस शून्यापासून धरतो. थांबायचं कशाला?

करदाता_पुणे: म्हणजे कायम करा! आणि मग कोण हात लावतंय कामाला?

मुठाकाठची: ते असू दे, जलपर्णीचं बोला. दरवर्षी काढायचा ठेका, दरवर्षी डास. आमची गॅलरी मार्चपासून बंद.

गाळवाला: ताई, ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवरच पोसते. विषय तोच आहे.

मुठाकाठची: मला शिकवू नका. मशीन काठावर उभं असतं, ड्रायव्हर नसतो!

करदाता_पुणे: काढलेली जलपर्णी काठावरच टाकतात, पाऊस आला की परत नदीत. बिल मात्र निघतं.

मुठाकाठची: तुम्ही बघितलंय? आमच्याकडे उचलतात.

करदाता_पुणे: फोटो टाकू? मग बोलू नका.

गाळवाला: दोघंही धन्य आहात. मशीनला ड्रायव्हर का नसतो, याचं उत्तर वर दिलंय.

करदाता_पुणे: नमामि गंगेत बांधणाऱ्यालाच १५ वर्षं प्लांट चालवायला देतात, ६० टक्के पैसे हप्त्यांनी. तसं करा, संपला प्रश्न.

गाळवाला: ठेकेदार टिकला. ऑपरेटर?

करदाता_पुणे: बरं बाबा, ठेका बदलला तरी सर्व्हिस धरावी, एवढं मान्य. पण उद्या फेसाचा फोटो टाका. मला कोवळा-म्हातारा ओळखता आला, तर बाकीचं माझंच खरं.