मदत हवी आहे: अर्ली डिसिजनने खरंच फरक पडतो का? (अमेरिका, अंडरग्रॅड)

आम्ही न्यू जर्सीत. लेक यंदा बारावीत आहे आणि तिचं मन ब्राउन युनिव्हर्सिटीवर बसलंय. अर्ली डिसिजनची (लवकर अर्ज करायचा, निवड झाली तर तिथेच जायचं बंधन) शेवटची तारीख १ नोव्हेंबर तोंडावर आलीय आणि घरात रोज रात्री जेवताना हाच विषय.

नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे. २०२४ च्या प्रवेशांत ब्राउनने अर्ली डिसिजनमधले १४ टक्क्यांहून थोडे जास्त अर्ज घेतले, रेग्युलरमधले (नेहमीच्या मुदतीतले, बंधन नसलेले) ४ टक्क्यांच्याही आत. "चौपट चान्स आहे, कशाला सोडायचा?"

मला हे गणित पटत नाही. अर्लीत खेळाडू असतात, त्यांचं कोचशी आधीच बोलणं झालेलं असतं. माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. शिवाय ज्यांची तयारी उन्हाळ्यातच पूर्ण झालीय, तेच तेव्हा भरतात. आमच्या साध्यासुध्या पोरीला यातलं किती लागू? एमआयटीच्या अर्ली ॲक्शनमध्येही अर्ज लवकर करायचा, पण निवड झाली तरी जाणं बंधनकारक नाही. तिथे त्याच वर्षी अर्लीत ५ टक्क्यांच्या आसपास आणि एकूण साडेचार. मग चौपट गेलं कुठे?

दुसरी काळजी पैशांची. पुण्यात भाचीच्या अकरावीला पहिला पसंतीक्रम लागला की तिथेच प्रवेश घ्यायचा, असा नियम होता. हे तसंच, फक्त इथे पसंतीक्रम एकच भरायचा आणि एड (आर्थिक मदत) किती मिळणार ते निकालाबरोबर कळणार. सगळा खर्च धरून वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर जातंय, आणि धाकटा तीन वर्षांनी रांगेत आहेच. या चक्रातून गेलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
मुलाचं दोन वर्षांपूर्वी ईडीतून (अर्ली डिसिजन) झालं, ब्राउन नाही. फायदा असतो, पण चौपट नाही, तुमची शंका बरोबर आहे. ईडीतून घेतलेला मुलगा येणारच, म्हणून कॉलेजला जागा भरल्याची खात्री मिळते; काठावरच्या अर्जाला त्याचा उपयोग होतो. एमआयटीला ती खात्री मिळत नाही, म्हणून तिथे फरक दिसत नाही.

आधी कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (एड वजा जाता किती खर्च येईल त्याचा अंदाज देतो) भरा. स्वतःचा धंदा किंवा भाड्याचं घर असेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नका. एड खरोखरच पुरत नसेल तर करारातून सुटता येतं. पण "दुसरीकडे जास्त मिळेल" म्हणून नाही, कारण तोवर दुसरीकडचं उत्तरच आलेलं नसतं. डिफर झाली (निर्णय रेग्युलरवर ढकलला) तर बंधन संपतं, मग जानेवारीत दुसरीकडे ईडी टू (ईडीचीच दुसरी फेरी) भरता येते.

आणि तुमच्या राज्यातल्या रटगर्स युनिव्हर्सिटीची अर्ली ॲक्शन ईडीबरोबर बिनधास्त भरा.

प्रतिसाद २
अकरावीचे ग्रेड कसे आहेत? घसरून आता सावरत असतील तर रेग्युलर बरं, बारावीची पहिली सेमिस्टर तरी त्यांना दिसेल.

धागाकर्ती
ग्रेड ठीक आहेत, एक केमिस्ट्री सोडली तर. कॅल्क्युलेटर काल रात्री दोघांनी बसून भरला. एड जवळपास शून्य. आकडा बघितल्यापासून नवरा गप्प आहे, लेकीला अजून सांगितलेलं नाही. रटगर्स आज पाठवतोय.

आता एकच अडचण: ईडीच्या करारावर आमच्या आणि शाळेच्या काउन्सेलरच्या सह्या झाल्यात, ब्राउनचा अर्ज मात्र अजून सबमिट केलेला नाही. तो रेग्युलरला वळवायचा तर काउन्सेलरला नुसती ईमेल पुरते का?