फॉर्म रिकामा करताना व्हेरिएबल हवेच कशाला?

धागाकर्ता (वणी, जि. यवतमाळ):
आमच्याकडील एका जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्यांची नोंद ठेवण्यासाठी मी एक वेबपान तयार केले आहे. शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका, भरल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन, एवढ्याच चौकटी आहेत. मागील आठवड्यात आधीच्या गाडीचे ३२.४० क्विंटल चौकटीत तसेच राहिले आणि पुढच्या शेतकऱ्याच्या नावावर चढले. पावती फाडण्यापूर्वी काटेवाल्याच्या लक्षात आले म्हणून निभावले. मी चौकटीची व्हॅल्यू, म्हणजे तिच्यात भरलेला मजकूर, ‘वजन’ या व्हेरिएबलमध्ये (कोडमध्ये एखादी गोष्ट धरून ठेवणाऱ्या नावात) घेतली होती आणि पुसताना त्या व्हेरिएबललाच रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) दिली होती. त्यात चौकट नव्हतीच, त्या क्षणीचा मजकूर तेवढा उतरला होता. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, अशा कामासाठी व्हेरिएबल करूच नये. फॉर्मवर थेट रिसेट (सर्व चौकटी एकदम पूर्ववत करणारी आज्ञा) चालवावे.

प्रतिसाद (हिंगणघाट):
मी सहमत नाही. दोष व्हेरिएबलचा नाही, त्यात आपण काय ठेवले याचा आहे. ‘वजनचौकट’ या नावाने एलिमेंट, म्हणजे पानावरची चौकटच, ठेवून तिची व्हॅल्यू रिकामी केली असती, तर ही वेळ आली नसती आणि सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्यालाही अर्थ कळला असता. शिवाय रिसेट म्हणजे पुसणे नव्हे. ते एचटीएमएलमध्ये (पानाच्या मांडणीच्या कोडमध्ये) दिलेल्या मूळ किमती परत आणते, आणि हिडन इनपुटला (पानावर न दिसणाऱ्या चौकटीला) तर हातही लावत नाही.

धागाकर्ता:
मला नेमके तेच हवे आहे. तालुक्याच्या चौकटीत ‘वणी’ आधीच दिलेले आहे आणि ते प्रत्येक गाडीनंतर परत यावे. आपल्या पद्धतीने पाच चौकटींसाठी पाच नावे सांभाळावी लागतील, आणि उद्या ओलाव्याची चौकट वाढवली व तिची ओळ लिहायची राहिली, की पुन्हा तीच चूक होईल.

प्रतिसाद (वरुड):
एका ठिकाणी मात्र व्हेरिएबल अटळ आहे. सबमिटच्या हँडलरमध्ये (फॉर्म पाठवताना चालणाऱ्या कोडमध्ये) नोंद सर्व्हरवर जाईपर्यंत आपण अवेट करत असाल, म्हणजे कोड थांबवून ठेवत असाल, आणि त्यानंतर इव्हेंटच्या करंटटार्गेटवर (ज्याच्यावर हँडलर लावला आहे तो फॉर्म दाखवणाऱ्या नोंदीवर) रिसेट चालवत असाल, तर तोवर तो नल, म्हणजे रिकामा, झालेला असतो. नोंद जतन होते, पण एरर येऊन चौकटी भरलेल्याच राहतात. नेटवर्क कितीही वेगवान असले तरी हे घडतेच. अवेटच्या आधी फॉर्म एका कॉन्स्टमध्ये (पुन्हा न बदलणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) धरून ठेवा.

धागाकर्ता:
हे मान्य आहे. माझ्या हँडलरमध्ये अवेट आहेच, त्यामुळे फॉर्मसाठी तेवढा एक कॉन्स्ट आजच घालतो. वजनांची व्हेरिएबले मात्र काढून टाकली आहेत.